पुनर्मिश्रणाद्वारे ध्वनिसंपादनाचे शिक्षण

पुनर्मिश्रणाद्वारे ध्वनिसंपादनाचे शिक्षण हा डिजिटल ध्वनिसंपादनाचा अभ्यास करण्याचा एक मार्ग आहे. यात परस्परांपासून स्पष्टपणे भिन्न असलेली दोन किंवा अधिक ध्वनिमुद्रणे कापून, जुळवून व एकत्र करून त्यांपासून नवी रचना तयार केली जाते. मानवी भाषण आणि यंत्राचा आवाज, जुनी ग्रामोफोन तबकडी आणि स्टुडिओतील नवे मुद्रण, विलंबित गायन आणि जलद तालवाद्य ही अशा जोड्यांची उदाहरणे होत. सारखे ध्वनी एकत्र केले असता संपादनातील दोष झाकले जातात. भिन्न ध्वनी शेजारी आले की सांधा, पातळी, लय व अवकाश यांतील प्रत्येक विसंगती कानाला जाणवते. त्यामुळे संपादनाची साधने कशासाठी आहेत हे विद्यार्थ्याला ऐकूनच कळते.

## संकल्पना

ध्वनिसंपादन म्हणजे मुद्रित ध्वनीतील नको असलेला भाग काढणे, तुकड्यांचा क्रम बदलणे, त्यांची पातळी व ध्वनिगुण सुधारणे आणि अनेक ध्वनिपट एकत्र करणे. पुनर्मिश्रणात हीच कामे आधी अस्तित्वात असलेल्या मुद्रणांवर केली जातात. शिकणाऱ्याला गाणे रचावे लागत नाही किंवा वाद्य वाजवता यावे लागत नाही. त्याचे सर्व लक्ष ऐकणे आणि निवडणे या दोन गोष्टींवर राहते.

दोन मुद्रणांमधील भेद अनेक अंगांनी असू शकतो: आवाजाची पातळी, वारंवारितांचा विस्तार, लय, पट्टी, मुद्रणस्थळाचा घुमारा, पार्श्वभूमीचा गोंगाट आणि आशय. या प्रत्येक अंगाला हाताळणारे साधन संपादन संगणकप्रणालीत असते. म्हणून भेद जितका नेमका निवडला जातो, तितके त्या साधनाचे कार्य अधिक स्पष्ट होते.

## इतिहास

### तबकडी व ध्वनिफितीचा काळ

इजिप्शियन संगीतकार हलीम अल-दाब यांनी १९४४ मध्ये कैरो येथे 'झार' या विधीचे तारमुद्रण केले आणि स्टुडिओत त्यावर प्रक्रिया करून एक रचना तयार केली. मुद्रित ध्वनी हाच रचनेचा कच्चा माल मानण्याचे हे सुरुवातीचे उदाहरण आहे.

फ्रेंच नभोवाणीतील अभियंता प्येर शेफेर यांनी १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर रेल्वे इंजिनांचे आवाज मुद्रित करून त्यांवर एक अभ्यासरचना केली. त्या वेळी ध्वनिफीत त्यांच्याकडे नव्हती. तबकडीवर बंद वर्तुळाकार खाच कोरून ते एकच तुकडा पुनःपुन्हा वाजवत. आवाजाची अशी पुनरावृत्ती केली की ऐकणारा 'ही आगगाडी आहे' हे हळूहळू विसरतो आणि त्यातील ताल व पोत ऐकू लागतो, असे त्यांना आढळले. या विचारातून 'म्युझिक काँक्रेत' ही संगीतधारा निर्माण झाली.

चुंबकीय ध्वनिफीत सर्वत्र उपलब्ध झाल्यावर संपादन म्हणजे प्रत्यक्ष कापकाम झाले. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावणाऱ्या फितीवर सेकंदाचा शंभरावा भाग सुमारे ४ मिलिमीटर लांबीचा असतो. संपादक फीत हाताने पुढेमागे सरकवून नेमकी जागा ऐके, खडूच्या पेन्सिलीने खूण करी आणि पात्याने तिरपा छेद घेई. तिरप्या छेदामुळे एक आवाज संपताना दुसरा हळूच सुरू होई. पाव इंच रुंदीच्या फितीवर ४५ अंशांचा छेद या वेगाने साधारण सेकंदाच्या साठाव्या भागाइतका संमिश्र सांधा देतो. डिजिटल प्रणालीतील 'क्रॉसफेड' हे त्याचेच रूप आहे.

जेम्स टेनी यांनी १९६१ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली यांच्या गाण्याचे तुकडे करून 'कोलाज क्र. १' ही रचना केली. स्टीव्ह राइश यांनी १९६५ मध्ये एका रस्त्यावरील धर्मोपदेशकाच्या भाषणाचा तुकडा दोन ध्वनियंत्रांवर किंचित भिन्न वेगाने वाजवून त्यातील लय उघड केली. ग्लेन गूल्ड यांनी कॅनडाच्या नभोवाणीसाठी १९६७ मध्ये केलेल्या 'द आयडिया ऑफ नॉर्थ' या कार्यक्रमात पाच व्यक्तींची निवेदने एकमेकांवर चढवून संगीतातील स्वरमेळासारखी मांडली. जमैकामध्ये किंग टबी यांनी १९७० च्या दशकात तयार गाण्यांतील गायन वगळून, ढोल व बास पुढे आणून आणि प्रतिध्वनी मिसळून 'डब' हा प्रकार घडवला. त्यांनी मिश्रणफलकालाच वाद्याचे स्थान दिले. ब्रायन ईनो आणि डेव्हिड बर्न यांच्या १९८१ च्या संग्रहात नभोवाणीवरील प्रवचने व अरबी गायनाची मुद्रणे तालवाद्यांच्या रचनांवर बसवलेली आहेत.

### शिक्षणातील वापर

कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर यांनी १९६७ मध्ये 'इअर क्लीनिंग' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. संगीत शिकण्यापूर्वी परिसरातील ध्वनी काळजीपूर्वक ऐकण्याची सवय लागली पाहिजे, हा तिचा गाभा होता. ब्रिटनमध्ये जॉन पेंटर आणि पीटर ॲस्टन यांच्या १९७० मधील 'साउंड अँड सायलेन्स' या ग्रंथाने शाळेच्या वर्गात सर्जनशील ध्वनिरचना करण्याला चालना दिली.

### भारत

अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभारण्यात आला. तेथे मूग सिंथेसायझर व ध्वनिफीत यंत्रांवर गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी प्रयोग केले. हे काम १९७२ पर्यंत चालले आणि पुढे अनेक दशके विस्मृतीत राहिले. पुणे येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या चित्रपट संस्थेत (सध्याची भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था) ध्वनिमुद्रण व ध्वनिसंयोजन हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे.

लोकव्यवहारात मात्र 'रिमिक्स' या शब्दाला भारतात वेगळा अर्थ आला. १९९० च्या दशकापासून जुनी चित्रपटगीते नव्या गायकांकडून गाऊन घेऊन त्यांना नृत्याचा ठेका जोडण्याची लाट आली. 'समाधी' (१९७२) या चित्रपटातील 'कांटा लगा' या गीताची २००२ मधील आवृत्ती विशेष गाजली. अशी आवृत्ती हे वस्तुतः नवे मुद्रण असते. मूळ मुद्रण कापून केलेले पुनर्मिश्रण नव्हे. हा फरक तंत्राच्या आणि कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

### संगणकाचा काळ

'प्रो टूल्स' ही प्रणाली १९९१ मध्ये बाजारात आली आणि व्यावसायिक संपादन हळूहळू पडद्यावर आले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'ऑडॅसिटी' ही मुक्त प्रणाली २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने महागड्या स्टुडिओशिवाय ध्वनिसंपादन शिकणे शक्य झाले.

## ध्वनीचे डिजिटल रूप

मायक्रोफोनमधून येणारा विद्युत्संकेत सेकंदाला हजारो वेळा मोजून त्या मोजमापांचे आकडे साठवणे म्हणजे डिजिटल ध्वनिमुद्रण. ऑडिओ सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. चित्रफितींसाठी ४८,००० नमुने प्रचलित आहेत. ज्या वारंवारितेपर्यंतचा ध्वनी टिपायचा, तिच्या दुपटीपेक्षा अधिक नमुने घ्यावे लागतात. माणसाला सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येत असल्याने ४४,१०० हा दर पुरेसा ठरतो.

प्रत्येक नमुना १६ बिटांत नोंदवल्यास ६५,५३६ पातळ्या मिळतात आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत सूक्ष्म आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखता येते. या प्रमाणात एका मिनिटाच्या स्टिरिओ ध्वनीला साधारण १० मेगाबाइट जागा लागते. एमपी३ सारख्या स्वरूपात ध्वनी दाबून साठवला जातो आणि त्यातील काही माहिती कायमची वगळली जाते. पुन्हा पुन्हा जतन केल्यास ही हानी वाढते, म्हणून संपादन वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात करणे इष्ट असते.

## विरोधातून उलगडणारे घटक

### कापणी आणि सांधा

पडद्यावर ध्वनी तरंगरेषेच्या रूपात दिसतो. रेषा मध्यरेषेपासून दूर असताना छेद घेतला तर दोन तुकड्यांच्या टोकांत अचानक उडी पडते आणि 'टक्' असा आवाज येतो. रेषा शून्य ओलांडते तेथे छेद घेणे किंवा ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड देणे, हे त्यावरचे उपाय आहेत. गर्दीच्या आवाजात असा दोष सहज लपतो, परंतु शांत भाषणाला तालवाद्य जोडताना तो लगेच उघडा पडतो.

भाषण कापताना उच्चाराचे ज्ञान उपयोगी पडते. क, ट, प यांसारख्या स्पर्शव्यंजनांपूर्वी हवा क्षणभर अडते आणि जवळजवळ शांतता निर्माण होते. ती जागा छेदासाठी सोयीची असते. स्वराच्या किंवा अनुनासिकाच्या मध्यावर घेतलेला छेद मात्र लपवणे कठीण जाते. वाक्यांमधील श्वास पूर्णपणे काढून टाकल्यास बोलणे यांत्रिक वाटते. तसेच प्रत्येक खोलीच्या 'शांतते'लाही स्वतःचा आवाज असतो. दोन वाक्यांमध्ये संपूर्ण निःशब्दता भरली तर ती पोकळी म्हणून जाणवते. म्हणून मुद्रणस्थळाची अर्धा मिनिट शांतता वेगळी मुद्रित करून ठेवण्याचा प्रघात आहे.

### पातळी

डिजिटल मापनात कमाल पातळी शून्य डेसिबल मानली जाते आणि बाकीच्या पातळ्या ऋण अंकांत दर्शवल्या जातात. शून्याच्या वर गेलेला तरंग सपाट कापला जातो आणि आवाज फाटतो. दोन पूर्णपणे सारखे ध्वनिपट एकत्र केल्यास पातळी ६ डेसिबलने वाढते. परस्परांशी संबंध नसलेल्या, सारख्याच पातळीच्या दोन ध्वनींच्या बाबतीत ही वाढ सरासरी ३ डेसिबल असते. म्हणून मिश्रणापूर्वी प्रत्येक पटाला वर मोकळी जागा ठेवावी लागते.

कमाल पातळी सारखी असली तरी दोन मुद्रणे कानाला सारखी मोठी वाटतीलच असे नाही. ढोलाचा एक ठोका आणि तंबोऱ्याचा अखंड नाद यांची शिखरे समान केली, तरी तंबोरा अधिक भरून राहिलेला वाटतो. यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये श्राव्य तीव्रता मोजण्याची प्रमाणित पद्धत घालून दिली. प्रसारण क्षेत्रात आता ती रूढ आहे.

### वारंवारितांची मांडणी

एकाच वारंवारिता-पट्ट्यातील दोन ध्वनींपैकी मोठा ध्वनी लहान ध्वनीला झाकतो. इक्वलायझरच्या साहाय्याने एका ध्वनीचा ठरावीक पट्टा कमी करून दुसऱ्यासाठी वाट मोकळी करता येते. १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण येण्यापूर्वीच्या तबकड्यांत खोल व अतितार वारंवारिता जवळजवळ नसतात आणि त्यांवर खरखर असते. अशी तबकडी नव्या मुद्रणाशेजारी ठेवली की आधुनिक मुद्रणात किती विस्तृत पट्टा व्यापलेला असतो, हे कळते. खरखर कमी करताना गायकाच्या आवाजाची धारही कमी होते. तेव्हा किती स्वच्छता पुरेशी आहे, हा निर्णय कानानेच घ्यावा लागतो.

### लय आणि पट्टी

ध्वनिफितीवर वेग वाढवला की लय आणि पट्टी दोन्ही एकदम चढत. वेग दुप्पट केल्यास स्वर एक सप्तक वर जातो. मिनिटाला ९० मात्रांचे मुद्रण १०० मात्रांपर्यंत नेले, तर स्वर जवळजवळ दोन अर्धस्वरांनी वर सरकतात. काळी एकमध्ये गायलेले गाणे काळी दोनच्या जवळ पोहोचते. डिजिटल प्रणालीत लय आणि पट्टी स्वतंत्रपणे बदलता येतात. मात्र लय फार ताणली तर तबल्याच्या ठोक्यांची धार बोथट होते आणि गाण्याला धातूसारखा घुमारा येतो.

यंत्राच्या ठेक्यावर तयार केलेले मुद्रण एकसमान लयीत असते, तर मैफलीतील गायन लय किंचित मागेपुढे घेत जाते. अशी दोन मुद्रणे जुळवताना संपूर्ण गाणे ताणण्याऐवजी ते सम किंवा अन्य ठळक मात्रांच्या जागी विभागून तुकड्यांना जागेवर बसवले जाते. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मिनिटाला ७८ फेरे हा वेग सुरुवातीच्या काळात केवळ नाममात्र होता आणि प्रत्यक्ष मुद्रण त्याहून कमी-अधिक वेगाने होत असे; त्यामुळे गायकाची खरी पट्टी ठरवताना विचार करावा लागतो.

### अवकाश

प्रत्येक मुद्रणात त्याच्या जागेचा ठसा असतो. मंदिराच्या सभामंडपात आवाज घुमतो, तर गाद्या-पडद्यांच्या खोलीत तो कोरडा राहतो. कोरड्या आवाजाला कृत्रिम घुमारा देता येतो, परंतु मुद्रणात मुरलेला घुमारा काढणे अवघड असते. म्हणून दोन ध्वनी एकाच जागेत आहेत असे भासवायचे असल्यास सामान्यतः कोरड्या ध्वनीला दुसऱ्याच्या जागेत नेले जाते.

## सरावाची रीत

सुरुवातीचा सराव लहान ठेवला जातो. स्वतः मुद्रित केलेले, प्रत्येकी एक-दोन मिनिटांचे दोन ध्वनी त्यासाठी पुरेसे होतात. उदाहरणार्थ, पत्र्यावर पडणारा पाऊस आणि वृत्तपत्राचे संथ वाचन. कामाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असतो:

* दोन्ही मुद्रणे पडद्याकडे न पाहता पूर्ण ऐकणे आणि त्यांतील भेद कागदावर लिहिणे.
* मूळ धारिका वेगळ्या जतन करून त्यांच्या प्रतींवर काम करणे.
* प्रत्येक मुद्रणातून पाच-सहा तुकडे निवडणे आणि त्यांना ओळखता येतील अशी नावे देणे.
* कोणतेही परिणाम न वापरता केवळ कापणी, क्रम आणि पातळी यांच्या आधारे एक मिनिटाची रचना करणे.
* त्यानंतरच इक्वलायझर, लयबदल व घुमारा यांपैकी एकेक साधन वापरून प्रत्येक बदल मूळ रचनेशी ताडून पाहणे.
* तयार रचना हेडफोन आणि साध्या स्पीकरवर ऐकणे, तसेच एक दिवस मध्ये जाऊ देऊन पुन्हा ऐकणे.

बदल ताडून पाहताना दोन्ही आवृत्त्यांची श्राव्य तीव्रता समान ठेवणे आवश्यक असते; मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो आणि त्यामुळे निर्णय चुकतो. परिणामांशिवाय केलेली चौथी पायरी विशेष महत्त्वाची मानली जाते, कारण कापणी सदोष असल्यास घुमारा किंवा गोंगाट घालून ती झाकण्याची सवय लागते.

## अर्थबदल आणि जबाबदारी

ध्वनीचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यावर अवलंबून असतो. सोव्हिएत चित्रपटकार लेव्ह कुलेशोव्ह यांनी दाखवले होते की एकच चेहरा वेगवेगळ्या दृश्यांशेजारी ठेवला असता प्रेक्षकाला त्यावर वेगवेगळे भाव दिसतात. ध्वनीतही असेच घडते. तेच हसू मुलांच्या खेळाशेजारी निरागस वाटते आणि अपघाताच्या बातमीशेजारी क्रूर.

भाषणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. वाक्यातील 'नाही' हा एक शब्द वगळण्यास अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी अवधीचा छेद पुरतो आणि सांधा नीट साधल्यास तो ऐकणाऱ्याला कळत नाही. जे कौशल्य खोकला किंवा अडखळणे काढून मुलाखत श्रवणीय करते, तेच कौशल्य बोलणाऱ्याच्या तोंडी त्याने न केलेले विधान घालू शकते. त्यामुळे माहितीपट व वृत्तकार्यात छेद घेतल्यानंतरही वक्त्याचा आशय कायम राहणे हा संपादनाचा मूलभूत निकष मानला जातो. असे छेद स्वतः घेऊन पाहिलेला विद्यार्थी प्रसारित ध्वनिफितीकडे अधिक चिकित्सकपणे पाहू शकतो.

## प्रताधिकार

मुद्रित गाण्यात किमान दोन स्वतंत्र हक्क असतात: शब्द व संगीतरचनेचा हक्क आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा हक्क. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. म्हणून फ्रेड गाइसबर्ग यांनी १९०२ मध्ये कोलकाता येथे केलेल्या गौहर जान यांच्या मुद्रणांसारखी प्रकाशित मुद्रणे भारतात या हक्कातून मुक्त आहेत. तथापि गीतकार व संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकत असल्याने त्याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर एखाद्या गीताच्या पहिल्या मुद्रणास पाच वर्षे उलटल्यावर विहित शुल्क भरून त्याची नवी आवृत्ती मुद्रित करता येते. ही तरतूद मूळ मुद्रणाचे तुकडे वापरण्याची मुभा देत नाही. याच दुरुस्तीने कलावंतांना आपल्या सादरीकरणाच्या प्रतिष्ठेस बाधा आणणाऱ्या विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार दिला. केवळ संपादनासाठी किंवा कालमर्यादेत बसवण्यासाठी एखादा भाग वगळणे मात्र असा विपर्यास मानले जात नाही. खासगी वापर व अभ्यासासाठी कायद्यात सवलत आहे. परंतु रचना सार्वजनिक केल्यावर ती खासगी राहत नाही.

अमेरिकेत १९९१ मध्ये गिल्बर्ट ओ'सलिव्हन यांच्या गाण्याचा अंश रॅपगायक बिझ मार्की यांनी विनापरवाना वापरल्याबद्दल न्यायालयाने मनाई केली आणि त्यानंतर असे अंश वापरण्यापूर्वी परवाना घेण्याची पद्धत दृढ झाली. २००४ मध्ये डेंजर माउस या निर्मात्याने जे-झी यांच्या 'द ब्लॅक अल्बम'मधील गायन आणि बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनातील संग्रहाचे संगीत एकत्र करून 'द ग्रे अल्बम' तयार केला. ईएमआय कंपनीने त्याचे वितरण थांबवण्याची नोटीस दिल्यावर २४ फेब्रुवारी २००४ रोजी अनेक संकेतस्थळांनी निषेध म्हणून तो उपलब्ध करून दिला. विरोधी शैलींच्या पुनर्मिश्रणाचे हे बहुचर्चित उदाहरण आहे.

शिकणाऱ्यांसाठी सुरक्षित पर्यायही उपलब्ध आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्सने २००२ पासून पुनर्वापराची अनुमती देणारे परवाने उपलब्ध केले. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ मध्ये सुरू केलेल्या 'फ्रीसाउंड' या संग्रहात अशा परवान्यांखालील ध्वनी मिळतात. प्रत्येक ध्वनीच्या परवान्याची अट, विशेषतः श्रेयनिर्देश आणि व्यावसायिक वापराबाबतची अट, वेगवेगळी असू शकते.

## मर्यादा

पुनर्मिश्रणातून संपादन शिकता येते, परंतु मुद्रण शिकता येत नाही. मायक्रोफोनची निवड, त्याचे वक्त्यापासूनचे अंतर आणि जागेची पारख यांचा स्वतंत्र सराव करावा लागतो. तसेच तयार गाण्यातील गायन व वाद्ये पूर्वी वेगळी करता येत नसत. डीझर कंपनीने २०१९ मध्ये मुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या 'स्प्लीटर' सारख्या प्रणालींमुळे ते बऱ्याच अंशी साध्य झाले आहे, तरीही वेगळ्या केलेल्या आवाजात इतर वाद्यांचे अवशेष राहतात. ते ओळखण्यासाठी लागणारा कान प्रणालीकडून मिळत नाही. तो ऐकण्याच्या सरावानेच तयार होतो.

## हे सुद्धा पहा

* ध्वनिमुद्रण
* ध्वनिसंयोजन
* ग्रामोफोन
* प्रताधिकार